सरकारी पैसा, आपला पडदा (भाग ४) : टिळकवाडीचा गेम कोणत्या सरकारच्या दारात?

गेल्या आठवड्यात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्सआर या सगळ्यांना सरकारी कागदांत ‘एव्हीजीसी-एक्सआर’ का म्हणतात, ते पाहिले. आता प्रश्न घराजवळचा. बेळगावच्या टिळकवाडीतल्या चार मुलांनी मराठीत एखादा गेम करायचे ठरवले, तर पैशासाठी त्यांनी कुठे जावे?

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२५ मध्ये याच क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतचा आराखडा आणि ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद. बातमी वाचून बेळगावातही अनेकांच्या आशा पालवल्या. पण राज्याचे उद्योग धोरण त्या राज्यात काम करणाऱ्या उद्योगासाठी असते, मालकाची मातृभाषा त्यात धरली जात नाही. निपाणीकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. त्यांची मुले ज्या देवचंद कॉलेजात शिकतात, ते अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात आहे. शिक्षण महाराष्ट्रात, घर कर्नाटकात. कंपनीचेही तसेच : तिची नोंदणी आणि काम जिथे, तिथले अनुदान.

महाराष्ट्राने सीमा ओलांडून पैसा खर्च करायचे ठरवल्याचे उदाहरण आहे. २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचे ठरले आणि कर्नाटकाने त्यावर आक्षेप घेतला. आजारी माणसाच्या उपचारावर इतका वाद होतो, तर गेमच्या अनुदानाची वाट पाहत मुलांनी वर्षे घालवू नयेत, असे मला मनापासून वाटते. सीमाभाग कोणत्या राज्याचा, हा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, मुलांचे वय मात्र थांबत नाही.

मग कर्नाटकाकडे पाहू. या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण या राज्याने २०१२ मध्येच आणले. नंतर २०१७ मध्ये दुसरे आले, आणि सध्याचे तिसरे २०२४ ते २०२९ या काळासाठी आहे. त्याच्या जोडीला ‘एलेव्हेट’ ही नवउद्योगांची योजना आहे. तिच्यात कल्पनेपासून चालत्या नमुन्यापर्यंत जाण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. हे कर्ज नाही, आणि सरकार त्या बदल्यात कंपनीत हिस्साही मागत नाही. शिवाय ‘बियाँड बेंगळुरू’ या मोहिमेत हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक स्वतंत्र पट्टा धरलेला आहे. म्हणजे बेंगळुरूबाहेरचा अर्जदार सरकारला हवाच आहे.

केंद्राची वाट वेगळी. २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांची ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजना आली. नमुना तयार करणे, त्याची चाचणी घेणे यासाठी तिच्यात २० लाखांपर्यंत अनुदान ठेवले होते. पैसा दिल्लीहून थेट येत नाही. तो निवडलेल्या इन्क्युबेटरच्या, म्हणजे नवउद्योग जोपासणाऱ्या केंद्राच्या, हातून येतो, आणि अर्जदाराला आपल्या पसंतीची तीन इन्क्युबेटर केंद्रे निवडता येत. सीमाभागाच्या दृष्टीने हा नियम मोलाचा आहे, कारण राज्याची हद्द इथे आड येत नाही. टिळकवाडीतल्या गटाला पुण्यातले केंद्रही निवडता येते. अट अशी की कंपनी दोन वर्षांहून जुनी नको, आणि दुसऱ्या सरकारी योजनांतून १० लाखांहून जास्त मदत घेतलेली नको. म्हणून आधी कुठे हात पसरायचा, याचा क्रम ठरवूनच पाऊल टाकावे. एलेव्हेटचे ४० लाख घेतले की केंद्राचा हा दरवाजा बंद. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षी योजना चालू आहे का, नियम बदललेत का, हेही पाहून घ्यावे.

इथे बहुतेक मुले अडतात ती कंपनीच्या रूपावर. घरच्या खोलीत एकट्याच्या नावावर डिझाइनचे काम चालते, जीएसटी क्रमांकही असतो, पण एकल मालकीचा व्यवसाय स्टार्टअप म्हणून मान्य होत नाही. खासगी मर्यादित कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. मित्रांनी मिळून सुरू केलेले काम कागदावर कुणाचे, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवावे. मैत्री टिकवायलाही ते बरे.

आता एक विषय घेऊन हिशेब मांडू. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात, आजच्या टिळकवाडीच्या जागेवर भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सारी उभारणी केली. पाण्यासाठी विहीर खोदली, तिला पंपा सरोवर हे नाव दिले. गंगूबाई हनगल तेव्हा लहान मुलगी होत्या, त्यांनी तिथे स्वागतगीत गायले. ती विहीर आणि वीरसौध हे अधिवेशनाचे स्मारक आजही आपल्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहेत. फोन समोर धरला की तंबूंची नगरी उभी राहते, खेळणाऱ्याला स्वयंसेवक होऊन हजारो पाहुण्यांच्या पाण्याची व्यवस्था लावायची आहे, असा गेम कल्पून पाहा.

या गेमसाठी २० लाख मंजूर झाले, तरी ते एकदम खात्यात पडत नाहीत. रक्कम टप्प्यांनी येते. विहिरीचा परिसर पडद्यावर फिरता झाला, की एक टप्पा. पन्नास शाळकरी मुलांनी खेळून पाहिले, त्यांच्या अडचणी नोंदवल्या, की दुसरा. टप्पा पुरा झाल्याचे दाखवायला खर्चाच्या पावत्या आणि उपयोगिता प्रमाणपत्र लागते. मधल्या दोन-तीन महिन्यांत चित्रकाराचा पगार कुठून द्यायचा, याचे उत्तर अर्ज भरतानाच तयार हवे. काही योजना तर आधी खर्च करा, मग परतावा घ्या, अशाच असतात. ज्याच्या घरी भांडवल आहे त्याला परताव्याची योजना सोयीची, इतरांनी आगाऊ हप्ता देणारीच शोधावी. परताव्यावर उभी असलेली मदत गरजू मुलांपर्यंत पोचत नाही. सरकारने हे बदलायलाच हवे.

आणि मराठीचे काय? उद्योगखात्याची योजना नवेपणा, बाजार आणि रोजगार या मापांनी मोजते. तिथे मराठीवरचे प्रेम सांगून भागत नाही, ते आकड्यांत मांडावे लागते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८.३ कोटी, कन्नड असलेले ४.३७ कोटी. दोन्ही भाषांत सहज वावरणारा गट टिळकवाडीत जितका सापडतो, तितका अंधेरीत किंवा कोरमंगलात शोधून सापडणार नाही. गंगाधररावांनी टिळकांचे राजकारण आणि कर्नाटकाचे काम एकाच आयुष्यात केले. त्या अधिवेशनाचा गेम एका भाषेत केला तर तो अर्धाच होईल. अर्जात ‘दोन भाषा, साडेबारा कोटींहून जास्त लोक’ असे लिहिणे ही तडजोड नाही. ती इथली वस्तुस्थिती आहे, आणि इथल्या मुलांचे खरे भांडवलही. मराठी आवृत्ती त्या पैशातून पूर्ण दर्जाची निघाली पाहिजे, इतका आग्रह मात्र पहिल्या दिवसापासून धरावा. संवादलेखन, आवाज आणि चाचणी, या तिन्हींचा खर्च मराठीसाठी अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. वेगळा रकाना नसेल, तर शेवटच्या हप्त्यात सगळ्यात आधी कात्री लागते ती भाषेला.

पुढच्या भागात असे अंदाजपत्रक ओळीओळीने मांडू : चित्रकाराच्या मानधनापासून सीएच्या शुल्कापर्यंत.