केबल बंद करताय? आधी हिशोब करा

केबलचं किंवा डिशचं मासिक भाडं बंद करायचं आणि सगळं इंटरनेटवरून बघायचं, हा विचार आता शहरापुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावातही टीव्हीचं दुकान चालवणारे स्मार्ट टीव्ही विकताना हेच सांगतात. विचार चुकीचा नाही, अनेक घरांना तो फायद्याचाही ठरतो. पण तो बहुधा ऐकीव माहितीवर केला जातो, आणि त्याचा फटका बसतो तो घरात सगळ्यात जास्त टीव्ही बघणाऱ्या माणसाला, म्हणजे आई-वडिलांना किंवा आजी-आजोबांना. म्हणून केबलवाल्याला फोन करण्याआधी काही समज तपासून घेऊ.

“ऑनलाइन टीव्ही केबलपेक्षा स्वस्तच पडतो.”

हे अर्धवट खरं आहे. आधी केबलचं बिल कशाचं असतं ते बघू. दूरसंचार नियामक ट्रायची नवी दरपद्धत फेब्रुवारी २०१९ मध्ये लागू झाली. तेव्हापासून बिलाचे दोन भाग पडले. एक जोडणीचं शुल्क, म्हणजे नेटवर्क कपॅसिटी फी. आणि दुसरी, निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंमत. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. जोडणी शुल्काला सुरुवातीला १३० रुपयांत १०० वाहिन्या अशी मर्यादा होती. २०२० मध्ये तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या द्याव्यात असं ठरलं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे आज ही रक्कम कंपनीगणिक वेगळी असू शकते. वाहिनीच्या किमतीचा नियम असा, की १९ रुपयांपेक्षा महाग वाहिनी कुठल्याही पॅकमध्ये घालता येत नाही.

आता एका घराचा हिशोब मांडू. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी आणि सोनी मराठी या चार वाहिन्या बघणारं घर. प्रत्येक वाहिनी अगदी १९ रुपयांची धरली तरी ७६ रुपये होतात. जोडणी शुल्क १३० धरलं तर २०६, आणि जीएसटी मिळवून २४३ रुपये. वर्षाचे साधारण २,९०० रुपये. बातम्यांच्या बहुतेक मराठी वाहिन्या आणि दूरदर्शन यांचे वेगळे पैसे नाहीत किंवा अगदी किरकोळ आहेत.

याच घरात ब्रॉडबँड नसेल तर? ३९९ रुपयांचा साधा प्लॅन घेतला तरी जीएसटीसह महिन्याला ४७० रुपये, म्हणजे वर्षाला साडेपाच हजारांच्या वर. हे फक्त इंटरनेटचे झाले. त्यावर बघायच्या अ‍ॅपचे पैसे अजून द्यायचेच आहेत. म्हणजे टीव्हीसाठी म्हणून नवं इंटरनेट घेतलं तर केबल तोडून बचत होत नाही, खर्च दुप्पट-अडीचपट होतो. ज्या घरात मुलांच्या अभ्यासासाठी किंवा घरून कामासाठी ब्रॉडबँड आधीच आहे, तिथलं गणित मात्र वेगळं. तिथे फक्त अ‍ॅपचेच पैसे मोजायचे असतात, आणि बचत खरोखर होते.

एक गोष्ट मी ठामपणे सांगेन: तुमचं केबलचं बिल ४००-५०० रुपये येत असेल, तर आधी त्याची चौकशी करा. बऱ्याच घरांत केबलवाल्याने लावून दिलेला मोठा पॅक वर्षानुवर्षं चालू असतो आणि त्यातल्या निम्म्या वाहिन्या कुणी लावतही नाही. वाहिन्या सुट्या निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे. केबल न तोडताही बिल कमी होऊ शकतं.

“एक अ‍ॅप घेतलं की सगळ्या वाहिन्या येतात.”

केबलची सवय असल्यामुळे हा समज होतो. केबलवर एकाच रिमोटवर सगळ्या कंपन्यांच्या वाहिन्या येतात. अ‍ॅपवर तसं नाही; प्रत्येक कंपनीने आपापला माल आपल्याच अ‍ॅपवर ठेवला आहे. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर, सन मराठीच्या सन नेक्स्टवर. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र येऊन १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार सुरू झालं, त्यामुळे एक अ‍ॅप कमी झालं एवढंच. संध्याकाळी सात ते दहा या वेळात दोन वेगळ्या वाहिन्यांवरच्या मालिका बघणाऱ्या घराला निदान दोन सदस्यत्वं लागतात.

शिवाय मालिकेचा भाग अ‍ॅपवर असणं आणि वाहिनी चालू असणं यांत फरक आहे. अ‍ॅपवर मालिका शोधून, भाग निवडून, लावावा लागतो. केबलवर टीव्ही सुरू केला की वाहिनी चालूच असते. तरुणांना पहिली पद्धत सोयीची वाटते, कारण भाग कधीही बघता येतो. पण ज्यांचं टीव्ही बघणं घड्याळाला बांधलेलं आहे, स्वयंपाक करताना ज्यांना टीव्ही नुसता चालू हवा असतो, त्यांना हे दर अर्ध्या तासाला शोधणं जड जातं. दिवाळीला गावी आलेली मुलं हौसेने स्मार्ट टीव्ही लावून देतात, केबल बंद करतात आणि परत पुण्या-मुंबईला जातात. मग एखाद्या दिवशी अ‍ॅप लॉगइन मागतं, ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जातो आणि मुलगा असतो मीटिंगमध्ये. आईचा सगळा दिवस टीव्हीविना जातो. खर्चाच्या हिशोबात ही गैरसोय कुणी धरत नाही, ती धरायला हवी.

बातम्यांची गोष्ट सोपी आहे. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास, साम टीव्ही यांसारख्या वाहिन्या यूट्यूबवर थेट आणि मोफत दिसतात. फक्त बातम्यांसाठी कुठलंही सदस्यत्व घेऊ नये.

“मोबाइलच्या रिचार्जमध्ये सगळं फुकट मिळतं.”

मिळतं, पण कुठे बघायला आणि किती दिवस, ते वाचावं लागतं. जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हाचे दर उदाहरणादाखल घेऊ. मोबाइल प्लॅन तीन महिन्यांना १४९ रुपये, पण तो एका मोबाइलपुरता. टीव्हीवर चालत नाही. टीव्हीवर बघायला सुपर प्लॅन, तीन महिन्यांना २९९ किंवा वर्षाला ८९९, एका वेळी दोन ठिकाणी. प्रीमियम वर्षाला १,४९९, आणि तो जाहिरातींशिवाय; मात्र थेट सामने आणि कार्यक्रम याला अपवाद. सगळ्यात महाग प्लॅन घेऊनही मॅचमध्ये जाहिराती येणारच. दर बदलत राहतात, पण अशी पायऱ्यांची रचना बऱ्याच अ‍ॅपवर दिसते, म्हणून घेण्याआधी “टीव्हीवर चालेल का” आणि “एका वेळी किती जणांना” हे दोन प्रश्न विचारावेत.

जिओटीव्हीचंही असंच. हे अ‍ॅप जिओच्या ग्राहकाला वेगळे पैसे न देता मिळतं, पण ते मोबाइलसाठी आहे. मोठ्या टीव्हीसाठी असलेलं जिओटीव्ही प्लस हे जिओच्या फायबर आणि एअरफायबर ग्राहकांकरता आहे.

आणि डेटा. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर एचडी चित्र तासाला दोन ते तीन जीबी खातं. रोज दोन जीबी देणारं रिचार्ज हॉटस्पॉटवरून टीव्हीला जोडलं, तर तासाभरात दिवसाचा कोटा संपतो. रोज चार तास टीव्ही चालणाऱ्या घराला महिन्याला तीनशे जीबीच्या आसपास लागतात. हे मोबाइल रिचार्जचं काम नाही.

“नेट वेगवान असलं की मॅच अगदी थेट दिसते.”

शेजारच्या घरातून ओरडा ऐकू येतो, आणि आपल्या टीव्हीवर गोलंदाज अजून धावायलाही लागलेला नसतो. हा अनुभव घेतलेले लोक इंटरनेटचा प्लॅन वाढवतात आणि तरी फरक पडत नाही. कारण उशीर वेगामुळे होतच नाही.

डिशचा सिग्नल जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जातो आणि परत येतो. एवढ्या प्रवासाला जेमतेम पाव सेकंद लागतो. सिग्नल तयार करण्यात आणि उलगडण्यात आणखी काही सेकंद जातात, बस. इंटरनेटवर मात्र चित्र सलग येत नाही. आधी त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकडा कमी-जास्त स्पष्टतेच्या अनेक प्रतींमध्ये तयार होतो, कारण कुणाचं नेट वेगवान असतं तर कुणाचं रडतखडत चालतं. मग त्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर पोचतात. तुमचा टीव्ही असे दोन-तीन तुकडे गोळा झाल्यावरच चित्र दाखवायला लागतो, म्हणजे मध्येच नेट डगमगलं तरी चित्र थांबू नये. तुकडा सहा सेकंदांचा असेल तर तीन तुकड्यांतच अठरा सेकंद गेले. म्हणून वीस ते चाळीस सेकंदांचा उशीर नेहमीचाच. एचडीसाठी पाच एमबीपीएस वेग पुरतो; शंभर एमबीपीएस घेतल्याने चित्र अडकणार नाही, पण षटकार लवकर दिसणार नाही.

उलट समजही खरा नाही, की गर्दी झाली की ऑनलाइन मॅच हमखास बंद पडते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते आणि प्रक्षेपण चाललं. अडचण बहुधा आपल्या घरातल्या वाय-फायची असते. टीव्ही राउटरपासून दोन भिंती पलीकडे असेल, तर प्लॅन वाढवण्याऐवजी राउटरला वायरने जोडून बघावा.

“फुकटची डिश म्हणजे जुनीपुराणी दूरदर्शनची डिश.”

डीडी फ्री डिशबद्दल मराठी घरांत सगळ्यात कमी माहिती आहे, आणि माझ्या मते स्वस्त पर्यायांत हा सगळ्यात दुर्लक्षित आहे. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. डिश आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचे. त्यानंतर महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही, नोंदणी नाही. कुणी “फ्री डिशचं रिचार्ज” म्हणून पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी तर आहेच, शिवाय सिनेमा, बातम्या आणि मनोरंजनाच्या खासगी वाहिन्याही असतात.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. खासगी वाहिन्यांना इथली जागा लिलावात घ्यावी लागते, त्यामुळे यादी बदलत राहते. मोठ्या कंपन्यांनी आपल्या मोफत हिंदी वाहिन्या २०१९ मध्ये इथून काढल्या, पुढे परत आणल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. स्टार प्रवाह किंवा झी मराठीच्या चालू मालिकांसाठी फ्री डिश घेऊ नये. बॉक्स घेताना एमपीईजी-४ चा मागावा. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत. ही सेवा ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहावर आहे, म्हणजे आपल्याकडे छत्री आग्नेयेकडे वळवावी लागते. घरातली जुनी छत्री दुसऱ्या कंपनीची असेल, तर ती फिरवून घ्यायला जाणता माणूस बोलवावा. कोकणात धो-धो पाऊस लागला की चित्र थोडा वेळ जातं, हे सगळ्याच डिशना लागू आहे.

डिश लावायची नसेल आणि इंटरनेट असेल, तर प्रसार भारतीचंच वेव्हज हे अ‍ॅप आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर थेट दिसतात.

“भारताची मॅच दूरदर्शनवर असते, मग केबलवर का दिसत नाही?”

२००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल. केबल आणि खासगी डिशवरच्या (डीटीएच) दूरदर्शन वाहिनीवर नाही. म्हणून त्या वेळी केबलवर दूरदर्शन लावलं तर दुसरंच काही चालू असतं. आयपीएल राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांच्या यादीत नाही, ते फ्री डिशवरही या कायद्याने येत नाही.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी एक ओळ: सामन्यांचे हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे इथलं सदस्यत्व अमेरिकेत चालेल असं धरू नका. तिथे आयपीएल विलो वाहिनीवर असतं.

“हजार रुपयांत वर्षभर सगळ्या वाहिन्या.”

अशा जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. कुठलीही परवानाधारक सेवा सगळ्या कंपन्यांच्या वाहिन्या आणि सगळे सिनेमे इतक्या पैशांत देऊ शकत नाही. ही चोरी आहे. २०२३ च्या आयपीएलचं बेकायदा प्रक्षेपण केल्याबद्दल एका अ‍ॅपवर महाराष्ट्र सायबरने गुन्हाही दाखल केला. त्याहून मोठा धोका घरातलाच: प्ले स्टोअरबाहेरून उतरवलेलं अ‍ॅप तुमचे एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, आणि बँकेचा ओटीपी त्याच एसएमएसने येतो. अशी फाइल आई-वडिलांच्या फोनमध्ये कुणालाही टाकू देऊ नका.

निर्णय झाला असेल तरी जोडणी एकदम तोडू नका. ट्रायच्या २०१७ च्या नियमांनुसार केबल किंवा डीटीएच सेवा काही काळ तात्पुरती थांबवण्याची विनंती ग्राहक करू शकतो. महिनाभर ती थांबवा, त्या महिन्यात घरात कोण काय बघतं ते आठवडाभर कागदावर लिहून ठेवा, आणि ज्या माणसाच्या हातात दुपारभर रिमोट असतो त्याला विचारूनच पुढचं ठरवा.