युद्धनाट्यातील रायफल : ऐतिहासिक अचूकतेचा विचार

प्रस्तावना

महाविद्यालयीन एकांकिका असो, ऐतिहासिक नाटक असो वा युद्धपट, वेशभूषेच्या बाबतीत आपल्याकडील प्रेक्षक आता बराच चोखंदळ झाला आहे. पगडीचा घाट चुकला किंवा पेशवाईतील पात्राच्या तोंडी आधुनिक शब्द आला, तर त्याची चर्चा होते. मात्र पात्राच्या हातातील बंदुकीकडे क्वचितच कोणी चिकित्सेने पाहतो. लाकडाची एकच बंदूक १८५७ च्या शिपायाच्या खांद्यावर दिसते, तीच बेचाळीसच्या पोलिसाच्या हातात येते आणि पुढच्या वर्षी कारगिलच्या शिखरावरही चढते. प्रस्तुत लेखात या उपेक्षित बाबीचा विचार करावयाचा आहे. बंदूक ही केवळ नेपथ्यातील वस्तू नव्हे. ती कशी भरली जाते, किती वेळात झाडता येते आणि किती अंतरावर मारा करते, यावर लढाईतील माणसाची कृती अवलंबून असते. म्हणून चुकीची बंदूक दाखविली की पुष्कळदा घटनेचे कारणच चुकते.

'बंदूक' आणि 'रायफल'

मराठीत 'बंदूक' हा शब्द सर्वसमावेशक आहे. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, ठासणीची बंदूक हे तिचे प्रकार प्रज्वलनाच्या किंवा भरण्याच्या पद्धतीवरून ओळखले जातात. 'रायफल' ही संज्ञा मात्र नळीच्या अंतर्भागावरून आली आहे. नळीच्या आत पिळाचे आटे पाडलेले असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते व दूरवर सरळ जाते. सपाट नळीच्या बंदुकीचा नेम साधारणपणे शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा राहत नसे. आट्यांच्या नळीने ही मर्यादा कित्येक पटींनी वाढविली. आपल्या ऐतिहासिक लेखनात या दोन शब्दांची सरमिसळ इतकी झालेली आहे की नाट्यदिग्दर्शकाला एकट्यालाच दोष देणे अन्यायाचे होईल.

१८५७ : दात, कागद आणि चरबी

या सरमिसळीचा सर्वांत मोठा फटका १८५७ च्या चित्रणाला बसतो. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल ही ठासणीची होती. कागदी काडतूस दातांनी फोडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची आणि मग चापावर टोपी बसवायची, असा तिचा क्रम होता. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन गोळ्या झाडू शके. काडतुसाच्या चरबीविषयीचा असंतोष या क्रमातूनच उद्भवला. आता रंगमंचावरील शिपायाच्या हाती बोल्ट मागेपुढे करण्याची रायफल दिली, तर तिला धातूचे काडतूस लागते आणि ते दातांनी फोडावे लागत नाही. म्हणजे पात्र ज्या अन्यायाविरुद्ध संवाद म्हणते, तो अन्याय त्याच्या हातातील शस्त्रात शिल्लकच राहत नाही! शिवाय मॅगझिन असलेली ली-मेटफर्ड रायफल ब्रिटिश सैन्यात १८८८ साली आली. ली-एनफील्ड त्यानंतरची, १८९५ ची.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. १८५७ च्या आरंभी एनफील्ड रायफल बंगाल सैन्यात सर्वांच्या हाती पोहोचली नव्हती. डमडम, अंबाला व सियालकोट येथील केंद्रांत तिचे शिक्षण नुकतेच सुरू झाले होते आणि बहुतेक पलटणी जुन्या सपाट नळीच्या बंदुकाच वापरत होत्या. उठावानंतर तर सरकारने हिंदी शिपायांसाठी एनफील्डच्याच घाटाची, परंतु आटे नसलेली बंदूक तयार करविली. बाहेरून रायफलसारखी, आतून सपाट. राज्यकर्त्यांचा अविश्वास त्या नळीच्या आतच दिसतो, आणि कोणत्याही संवादाने तो इतक्या स्पष्टपणे सांगता येणार नाही.

खानदेशापुरते बोलावयाचे तर खाज्या नाईक यांच्या लढ्याचे उदाहरण समोर येते. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे झालेल्या लढाईत भिल्लांबरोबर मक्राणी व अरब लढवय्येही होते. धनुष्यबाण व तोड्याच्या बंदुका घेऊन ही माणसे कवायती फौजेपुढे उभी राहिली. पेटती वात सांभाळत, खडकाच्या आडोशाने लढणाऱ्या माणसाचे धैर्य दाखवायचे असेल, तर ती वात रंगमंचावर दिसली पाहिजे. दोन्ही पक्षांच्या हाती सारखीच रायफल दिली की सामना बरोबरीचा वाटतो, आणि खाज्या नाईकांच्या माणसांवर तो अन्याय ठरतो.

यशवंत घाडगे यांचे रिकामे मॅगझिन

शस्त्राच्या रचनेतूनच प्रसंग घडतो, याचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सारे सैनिक ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी ती गन व गनर निकामी केले आणि टॉमी गनने आणखी एकास टिपले. मॅगझिन बदलण्यास अवधी नव्हता. तेव्हा त्यांनी गन नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर लपून नेम धरणाऱ्या शत्रूच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

आता कल्पना करावी की एखाद्या एकांकिकेत घाडगे यांच्या हाती .३०३ रायफल दिली आहे. या रायफलला संगीन असते. संगीन असताना सैनिक रायफल उलटी का धरील? टॉमी गनला संगीन नसते. ती आखूड असते आणि पिस्तुलाची काडतुसे भराभर झाडून मॅगझिन क्षणात रिकामे करते. दस्त्याचा तो प्रहार या तीन गोष्टींतून जन्मतो. रायफल बदलली की तोच प्रहार नाटकी आततायीपणा वाटू लागतो. याच रेजिमेंटचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी हाताला जखम झाल्यावर टॉमी गन टाकून हातबाँब वापरले. तेथेही शस्त्र टाकण्याचे कारण प्रेक्षकाला कळायला हवे.

बासष्टनंतर

१९६२ च्या युद्धावर 'हकीकत' (१९६४) निघाला आणि रेझांग ला येथील लढाईवर '१२० बहादूर' (२०२५). असे चित्रपट पाहताना सैनिकाच्या उजव्या हाताकडे लक्ष द्यावे. .३०३ रायफलमध्ये दहा गोळ्या मावत; पण प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागे, तोही गोठलेल्या बोटांनी. समोरच्या चिनी सैनिकाकडे स्वयंभरण रायफल होती. आपल्याकडे ७.६२ मिमी स्वयंभरण रायफल त्यानंतर आली आणि १९७१ मध्ये ती पायदळाचे मुख्य शस्त्र होती. कारगिलमध्ये (१९९९) ५.५६ मिमीची इन्सास दिसते. त्याच मापाची काडतुसे आपल्या जिल्ह्यात वरणगावच्या कारखान्यात तयार होतात, त्यामुळे या बाबतीत खानदेशी प्रेक्षकाला फसविणे निदान कठीण असावे.

व्यावहारिक बाजू

खरी शस्त्रे मिळत नाहीत, ही निर्मात्यांची अडचण खोटी नाही. मोठ्या निर्मितीलाही ती चुकलेली नाही. १८७९ च्या प्रसंगावरील 'झुलू' (१९६४) या गाजलेल्या चित्रपटात मागील रांगेतील काही सैनिकांच्या हाती नंतरच्या काळातील बोल्टच्या रायफली दिसतात. शिवाय खऱ्या शस्त्राचा आग्रह घातकही ठरतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत 'रस्ट'च्या चित्रीकरणस्थळी रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटून छायाचित्रणकार हेलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. अचूकता म्हणजे खरे शस्त्र नव्हे. लाकडी प्रतिकृतीही पुरते, मात्र घाट आणि हाताळणी त्या काळाची हवी. एनफील्ड भरण्यास लागणारी वीस-तीस सेकंदे रंगमंचावर गेली तर जाऊ द्यावीत. त्या अवधीत शिपाई असहाय असतो आणि नाटककाराला याहून अधिक काय हवे?

राष्ट्रीय छात्रसेनेची तुकडी असलेल्या महाविद्यालयात .३०३ च्या कवायतीची माहिती असणारे सहकारी बहुधा असतातच. तालमीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना बोलवावे. घाडगे यांच्यावरील एकांकिकेसाठी मात्र कवायतीच्या रायफलची प्रतिकृती चालणार नाही. सुताराकडून हातभर लांबीची, खाली सुटे होणारे मॅगझिन असलेली लाकडी गन करून घ्यावी लागेल, आणि तिचा दस्ता भक्कम असावा.