रिळावर नसलेला विनोद

सेन्सॉरच्या कात्रीला कापायला काहीतरी लागतं. शब्द असो वा दृश्य, ते रिळावर असेल तरच कापता येतं. दादा कोंडके यांच्या विनोदातला खरा स्फोट मात्र रिळावर नसायचाच. तो व्हायचा थिएटरच्या अंधारात, बघणाऱ्याच्या डोक्यात. १९८६ सालच्या त्यांच्या हिंदी चित्रपटाचं नाव घ्या: ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’. एकेक शब्द देवघरात उच्चारावा इतका सोवळा! आक्षेप घ्यायचा तर दुसरा अर्थ आधी आक्षेप घेणाऱ्यालाच बोलून दाखवावा लागणार.

हे कसब कुठून आलं, याचा माग ‘एकटा जीव’ वाचताना लागतो. दादांनी सांगितलेलं आणि अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेलं हे आत्मचरित्र. दादा मुंबईच्या गिरणगावातल्या नायगावचे. तिथल्या कामगार वस्तीत ते वाढले. बँड, सेवा दलाचं कलापथक असं करत ते वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यापर्यंत पोहोचले.

इथे मी पुस्तक वाचता वाचता थांबलो. वगनाट्याला संहिता असते, पण सोंगाड्याला तिच्यात घुसायची मोकळीक असते. सकाळी पेपरात आलेली बातमी रात्री त्याच्या तोंडी येऊ शकते. ‘विच्छा’चे प्रयोग हजारांवर झाले. म्हणजे हजारांवर रात्री या माणसाने समोरच्या गर्दीवर वाक्यं तपासून घेतली. कुठे तोडायचं, कुठे भोळा चेहरा करायचा, किती वेळ गप्प राहायचं, सगळं. द्व्यर्थी विनोदाचं अख्खं यंत्र त्या गप्प राहण्यात आहे. नट अर्धं बोलून थांबतो, उरलेलं प्रेक्षक पूर्ण करतो आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन हसतो. दादांनी गर्दीचा हा सहभाग कॅमेऱ्यासमोर आणला, आणि समोर गर्दी नसताना तो साधला, याचं मला अजून नवल वाटतं.

१९७१च्या ‘सोंगाड्या’ या त्यांच्या चित्रपटाला दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये जागा मिळवून देण्यासाठी बाळासाहेब ठाकरे उभे राहिले, हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. दिग्दर्शक म्हणून दादा आले ते १९७५च्या ‘पांडू हवालदार’पासून. त्यांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. रौप्यमहोत्सव म्हणजे सलग २५ आठवडे. शेवट ठाऊक असलेली माणसं पुन्हा तिकीट काढत असल्याशिवाय हे होत नाही.

त्यांचे सगळेच विनोद मला रुचत नाहीत. बाईच्या अंगाभोवती घुटमळणारे तर स्पष्ट खटकतात, आणि पुस्तक आवडलं म्हणून ते खटकणं कमी होत नाही. शिवाय आत्मचरित्रात सेन्सॉरशी झालेल्या भांडणाची एकच बाजू येणार, तीही गर्दी कशी जिंकायची हे पुरतं जाणणाऱ्या माणसाच्या तोंडून. म्हणून हे पुस्तक साक्षीपुरावा म्हणून वाचू नये, वगासारखं ऐकावं. एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून पाहा: कुठे थांबायचं, ते वाक्यच सांगतं.