परीक्षाप्रसंग (ख्रिस्ती शुभवर्तमानांतील)

परीक्षाप्रसंग : ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत संकल्पना. मनुष्यास सन्मार्गापासून ढळविणारा मोह आणि त्याच्या श्रद्धेचा कस पाहणारे संकट, या दोहोंचा तीत अंतर्भाव होतो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘पेइरास्मॉस’ हा एकच शब्द या दोन्ही अर्थांनी येतो. मराठीत मात्र ‘मोह’ व ‘परीक्षा’ असे दोन भिन्न शब्द योजावे लागतात आणि त्यांपैकी कोणता निवडावा, यावर काही वचनांचा अर्थ अवलंबून राहतो.

अरण्यातील परीक्षा : बाप्तिस्म्यानंतर येशू ख्रिस्त अरण्यात चाळीस दिवस राहिला व तेथे सैतानाने त्याची परीक्षा पाहिली, असे मत्तय, मार्क व लूक या तिन्ही शुभवर्तमानांत सांगितले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात हा प्रसंग नाही. मार्कचे निवेदन अवघ्या दोन वचनांचे असून मत्तय व लूक यांनी तीन मोहांचा तपशील दिला आहे. धोंड्यांच्या भाकरी करणे, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकणे आणि सैतानाला नमन करून जगातील सर्व राज्ये मिळविणे, असा मत्तयचा क्रम आहे. लूकमध्ये राज्यांचा मोह दुसरा, तर मंदिराचा तिसरा येतो. चाळीस दिवसांची ही मुदत इझ्राएल लोकांच्या चाळीस वर्षांच्या रानातील भ्रमंतीची, तसेच मोशे व एलिया यांच्या चाळीस दिवसांच्या उपवासांची आठवण करून देते. येशूची तिन्ही उत्तरे जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या व आठव्या अध्यायांतील आहेत आणि ती मूळ संदर्भात त्या भ्रमंतीशीच निगडित आहेत. जेथे इझ्राएल लोक डगमगले, तेथे येशू स्थिर राहिला, असे शुभवर्तमानकारांना सुचवावयाचे आहे.

या मोहांचे स्वरूप लक्षणीय आहे. भूक भागविणे हे पाप नव्हे; पुढे येशूनेच पाच हजारांच्या जमावाला जेवू घातल्याची कथा चारही शुभवर्तमानांत आहे. अरण्यात त्याने नाकारले ते सामर्थ्य स्वतःच्या सोयीसाठी वापरणे. दुसऱ्या मोहात सैतान स्वतः स्तोत्रसंहितेतील ९१व्या स्तोत्राचा आधार देतो. धर्मवचनाचा आधार मिळाला म्हणजे कृत्य योग्यच ठरते असे नाही, हे यातून स्पष्ट होते. ईश्वराने रक्षण केलेच पाहिजे अशी परिस्थिती मुद्दाम निर्माण करणे म्हणजे विश्वास नसून ईश्वराचीच परीक्षा पाहणे होय, असा येशूच्या उत्तराचा आशय आहे. तिसरा मोह साध्यासाठी कोणतेही साधन पत्करण्याचा आहे.

पुढील प्रसंग : सैतान योग्य संधी येईपर्यंत निघून गेला, असे लूक म्हणतो; म्हणजे परीक्षा अरण्यात संपत नाही. दुःख भोगावे लागेल हे येशूचे भाकीत पेत्राने अमान्य केले, तेव्हा येशूने त्या निकटच्या शिष्यालाच ‘सैतान’ म्हणून फटकारले. मोह मित्राच्या ममतेतूनही येऊ शकतो, हे या प्रसंगातून दिसते. वधस्तंभाजवळचे लोक देवपुत्र असल्यास खाली उतरण्याचे आव्हान देतात. अरण्यातील सैतानाच्या शब्दांचाच तो प्रतिध्वनी आहे.

गेथशेमाने बागेतील प्रसंग हा या विषयाचा परमबिंदू होय. तेथे येशू दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना करतो आणि शेवटी ईश्वराच्या इच्छेला मान देतो. शिष्यांना तो जागे राहून प्रार्थना करण्यास सांगतो, पण ते झोपी जातात. त्याच रात्री पेत्र येशूला तीनदा नाकारतो. मात्र त्याच्या पतनाबरोबर लूकच्या निवेदनात येशूने त्याच्यासाठी आधीच केलेल्या प्रार्थनेचाही उल्लेख येतो. अपयशानंतर परतण्याची वाट मोकळी राहते.

संकट ओढवून घ्यावे, असा मात्र शुभवर्तमानांचा उपदेश नाही. एका गावी छळ झाल्यास दुसऱ्या गावी निघून जावे, असे येशू शिष्यांना सांगतो. दुर्बलांना अडखळविणाऱ्यांवरही तो कठोर दोष ठेवतो. मोहात पडणाऱ्याइतकाच पाडणाराही उत्तरदायी ठरतो.

भाषांतराचा प्रश्न : येशूने शिकविलेल्या प्रार्थनेतील या संबंधीची विनंती दीर्घकाळ वादविषय ठरली आहे. ईश्वर मनुष्याला मोहात घालतो, असा तिचा अर्थ होऊ शकतो; परंतु ईश्वर कोणालाही मोह घालीत नाही, असे याकोबाच्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे. तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये रूढ इटालियन भाषांतराविषयी असमाधान व्यक्त केले. त्याच वर्षी फ्रेंच व २०२० मध्ये इटालियन उपासनेतील पाठ बदलला. मराठीत प्रॉटेस्टंट परंपरेत ‘परीक्षा’, तर कॅथलिक परंपरेत ‘मोह’ हा शब्द रूढ असून दुसऱ्या पाठात मोहात पडू न देण्याची याचना आहे.

मराठी परंपरा : फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल (गोवा) येथे रोमन लिपीत मुद्रित झाले. त्याच्या दुसऱ्या भागात ख्रिस्तचरित्र आले आहे. पुढे ना. वा. टिळक यांनी आरंभिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे नेले. ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्टीफन्स यांचे समकालीन दासोपंत (शके १४७३–१५३७) यांचे वास्तव्य बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे होते व तेथेच त्यांची समाधी आहे. त्यांच्या चरित्रातील एक आख्यायिका या संदर्भात तुलनीय ठरते. वसुलीची रक्कम न भरल्यामुळे बीदरच्या दरबाराने बालवयीन दासोपंतांना ओलीस ठेवले आणि मुदतीत भरणा न झाल्यास धर्मांतराची अट घातली. अखेर दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या रूपाने रक्कम भरून त्यांना सोडविले, अशी ही कथा आहे. संकटात आराध्यावरील निष्ठा टिकवणे, हे दोन्ही परंपरांतील समान सूत्र होय. भेद आहे तो सुटकेविषयी. दासोपंतांच्या कथेत श्रद्धेची सार्थकता तत्काळ सुटकेने प्रकट होते. गेथशेमानेत प्याला टळत नाही आणि चमत्कारही घडत नाही. सुटका न होताही निष्ठा ढळू न देणे, हे शुभवर्तमानांतील परीक्षाविचाराचे वैशिष्ट्य होय.

उपासना व साहित्य : पुनरुत्थान सणापूर्वीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळाचा अरण्यातील उपवासाशी संबंध जोडला जातो. त्या काळातील पहिल्या रविवारी अनेक चर्चमध्ये या प्रसंगाचे वाचन होते. जेरिकोजवळील एक डोंगर परंपरेने परीक्षेचे स्थळ मानला जातो. इंग्रज कवी मिल्टन याचे पॅरडाइझ रीगेन्ड (१६७१) हे काव्य याच प्रसंगावर आधारलेले आहे, तर डॉस्टोएव्हस्की याच्या द ब्रदर्स कारामाझॉव्ह (१८८०) या कादंबरीतील महाधर्मन्यायाधीशाच्या प्रकरणात तीन मोहांची मार्मिक चिकित्सा आढळते.