सात रुपयांचा जीबी आणि ८९८ रुपयांचा जीबी

जुलै २०२४च्या दरवाढीनंतर जिओच्या २९९ रुपयांच्या रिचार्जमध्ये २८ दिवस रोज दीड जीबी डेटा मिळू लागला. एकूण ४२ जीबी, म्हणजे एका जीबीला साधारण ७ रुपये १२ पैसे. त्याच कंपनीने २०२४च्या तोंडावर संयुक्त अरब अमिरातीसाठी सात दिवसांचा रोमिंग पॅक आणला. किंमत ८९८ रुपये, डेटा १ जीबी. म्हणजे तोच जीबी तिथे १२६ पट महाग.

परदेशी जाताना फोनवरचा खर्च हाताबाहेर जातो त्याचं मूळ या दोन आकड्यांत आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४मधल्या आकडेवारीनुसार भारतात मोबाइल डेटा वापरणारा माणूस महिन्याला सरासरी २० जीबीहून अधिक डेटा वापरतो. ही सवय सात रुपयांच्या जीबीवर लागलेली आहे. ती तशीच घेऊन विमानात बसलं की कोणताही पॅक अपुराच पडणार. म्हणून स्वस्त पॅक शोधण्याआधी आपल्याला नेमकं किती लागणार आहे, हे ठरवायला हवं.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न आता मूठभरांचा राहिलेला नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा, चौदा तालुके, २०११च्या जनगणनेत ४५ लाख ४३ हजार लोकसंख्या. संगमनेर-श्रीरामपूरचे आईवडील मुलाकडे अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला जातात, नगर शहरातून हज-उमरासाठी लोक निघतात, शेतकरी अभ्यास दौऱ्यावर युरोप बघून येतात. या सगळ्यांची गरज वेगळी, म्हणून प्रत्येकाला परवडणारी सेवाही वेगळी.

आधी तीन आकडे कागदावर

दिवस किती, डेटा किती आणि साध्या कॉलची मिनिटं किती, एवढं लिहून काढा. दिवस तिकिटावरून कळतात. डेटाचा अंदाज असा: व्हॉट्सअॅपवरच्या आवाजी कॉलला मिनिटाला ढोबळमानाने अर्धा एमबी लागतो, व्हिडिओ कॉलला पाच एमबी धरा. रोज वीस मिनिटं नुसतं बोललात तर महिन्याला ३०० एमबी. तेवढीच मिनिटं चेहरा बघत बोललात तर ३ जीबी. नातवंडांना बघायचं असेल तर बघावंच, पण ते वाय-फायवर.

खरा डेटा खाणारे वेगळेच असतात: यूट्यूब, रील्स, ग्रुपवर आपोआप उतरणारे व्हिडिओ आणि अॅप अपडेट. हे बंद ठेवलं आणि नकाशे निघण्याआधीच फोनमध्ये उतरवून घेतले, तर दहा दिवसांच्या सहलीला २-३ जीबी पुरतात.

दिवसाचा दर की जीबीचा दर?

जिओने २०२४च्या सुमारास आणलेल्या अमेरिकेच्या पॅकचा हिशेब मांडून बघू.

१,५५५ रुपये, १० दिवस, ७ जीबी: दिवसाला १५५ रुपये ५० पैसे, जीबीला २२२ रुपये.
२,५५५ रुपये, २१ दिवस, १५ जीबी: दिवसाला १२२ रुपये, जीबीला १७० रुपये.
३,४५५ रुपये, ३० दिवस, २५ जीबी: दिवसाला ११५ रुपये, जीबीला १३८ रुपये.

इथे मोठा पॅक दोन्ही अंगांनी स्वस्त पडतो. अमिरातीत चित्र बदलतं.

८९८ रुपये, ७ दिवस, १ जीबी: दिवसाला १२८ रुपये.
१,५९८ रुपये, १४ दिवस, ३ जीबी: दिवसाला ११४ रुपये, जीबीला ५३३ रुपये.
२,९९८ रुपये, २१ दिवस, ७ जीबी: दिवसाला १४३ रुपये, जीबीला ४२८ रुपये.

एकवीस दिवसांच्या पॅकमध्ये जीबी स्वस्त, पण दिवस महाग. दुबईत मुलीच्या घरी राहणार, घरात वाय-फाय आहे, बाहेर पडल्यावर फक्त संपर्क हवा, अशा माणसाने चौदा दिवसांचा पॅक घेणं शहाणपणाचं. दिवसभर बाहेर फिरून काम करणाऱ्याने जीबीचा दर बघावा. दर पुढे बदलतील, कंपनीही दुसरी असेल, पण भागाकार हाच करायचा: किंमत भागिले दिवस आणि किंमत भागिले जीबी. आपली गरज कशाची, तोच आकडा धरायचा.

पॅक न घेता रोमिंग वापरलं तर काय होतं, तेही बघा. समजा, दर दहा केबीला ५ रुपये आहे. आकडा किरकोळ वाटतो. पण एका एमबीत १,०२४ केबी असतात, म्हणजे एमबीला ५१२ रुपये आणि जीबीला ५ लाख २४ हजार रुपये. पोस्टपेडवाल्यांनी तर हा हिशेब विसरूच नये. प्रीपेडवर शिल्लक संपली की गोष्ट थांबते, पोस्टपेडचं बिल घरी येतं.

तीन-सहा महिन्यांचा मुक्काम

मुलाकडे अमेरिकेला जाणारे आईवडील सहसा तीन-सहा महिने राहतात. तीस दिवसांचा ३,४५५ रुपयांचा पॅक तीनदा घेतला तर १०,३६५ रुपये होतात. तिथल्या मिंट मोबाइलसारख्या कंपनीची महिन्याला ५ जीबीची तीन महिन्यांची योजना २०२४मध्ये ४५ डॉलरची होती, कर वेगळा. डॉलर ८५ रुपये धरला तर ३,८२५ रुपये, दिवसाला साडेबेचाळीस. महिन्याला ५ जीबी म्हणजे डेटा कमी, पण घरी वाय-फाय असतं. शिवाय तिथला नंबर मिळतो. दवाखान्यात, शेजाऱ्यांना, नातवंडांच्या शाळेत तोच द्यावा लागतो. मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन जोडून मिळते का, हेही विचारावं. ते याहून स्वस्त पडू शकतं.

थोडक्यात, दोन-तीन आठवड्यांपर्यंत आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक, त्यापुढे तिथलं सिम.

भारतातला नंबर मरू देऊ नका

स्थानिक सिम घेतलं की आपलं सिम काढून पाकिटात ठेवायचं, असा अनेकांचा परिपाठ. तो धोक्याचा आहे. बँकेचा ओटीपी, पेन्शनचा मेसेज, आधार, गॅसची नोंदणी, सगळं त्याच नंबरवर. सहा महिन्यांनी परत आल्यावर तो नंबर बंद असेल, तर साध्या कामांना हेलपाटे पडतात.

उपाय महाग नाही. ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं आणि मुदतीची कमाल मर्यादा ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. त्यानंतर एअरटेलने ३६५ दिवसांचा १,८४९ रुपयांचा आणि जिओने ३३६ दिवसांचा १,७४८ रुपयांचा पॅक आणला. महिन्याला साधारण दीडशे रुपयांत नंबर वर्षभर जिवंत राहतो. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावं. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, म्हणजे ओटीपी मिळत राहतो. येणारा कॉल उचलला की मात्र मिनिटागणिक पैसे कापले जातात. कर्ज आणि क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांचे कॉलही त्यात आले.

व्हॉट्सअॅपसारखी अॅप फोनमधल्या चालू सिमशी जोडलेली असावीत, असे निर्देशही दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५मध्ये दिले आहेत. आपलं सिम फोनमध्येच ठेवायला हे आणखी एक कारण. म्हणून दोन सिमचा फोन न्यावा: एकात भारतातलं, दुसऱ्यात तिथलं.

सेटिंग अशी करायची. मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन भारतीय सिमचं ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवायचं आणि डेटासाठी तिथलं सिम निवडायचं. मग व्हॉट्सअॅपमध्ये स्टोरेज आणि डेटा उघडायचं. तिथे आपोआप डाउनलोडचे तीन पर्याय दिसतात: मोबाइल डेटावर, वाय-फायवर आणि रोमिंगमध्ये. बहुतेक जण फक्त रोमिंगचा बंद करतात. पण स्थानिक सिम घातल्यावर फोनच्या लेखी तुम्ही रोमिंगवर नसताच, म्हणून मोबाइल डेटाच्या पर्यायातल्या फोटो, ऑडिओ, व्हिडिओच्या खुणाही काढायच्या. तिथेच कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचं बटण असतं, ते सुरू करायचं.

देशोदेशीचे खाचखळगे

युरोपीय संघात १५ जून २०१७पासून एका देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात जादा पैशांविना चालतं. काही योजनांत डेटाची मर्यादा असते, एवढंच. ही सवलत २०३२पर्यंत वाढवली आहे. स्वित्झर्लंड मात्र तिच्यात नाही. फ्रान्समध्ये घेतलेलं सिम जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये बिनघोर चालेल, पण आल्प्स बघायला गेलात की वेगळा दर लागू शकतो. अभ्यास दौऱ्याच्या मार्गावर हा देश असेल तर घेतानाच विचारा.

अमिरातीत व्हॉट्सअॅपचे मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. तिथे बोटिमसारखी परवानगी असलेली अॅप वापरावी लागतात. ती घरच्यांच्या फोनमध्येही निघण्याआधीच घालून द्यावीत.

सौदी अरेबियात सिम घ्यायला पासपोर्टसोबत बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्यामुळे दुसऱ्याला पाठवून सिम आणता येत नाही. हजची यात्रा सहसा सुमारे चाळीस दिवसांची. भारत सरकारचं हज सुविधा अॅप २०२४मध्ये आलं, गर्दीत आपला गट शोधायला लोकेशन लागतं, आणि या दोन्हींना इंटरनेट हवं. इतक्या दिवसांसाठी तिथलं सिमच बरं.

अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी २०२२मध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या कंपन्यांनी २०२४मध्ये थ्री-जी बंद केलं. तिथे साधा कॉलही फोर-जी किंवा फाइव्ह-जीवरूनच जातो. आजीचा बटणांचा जुना फोन गावात छान चालतो म्हणून सोबत नेला, तर तिथे तो मुका पडेल.

फोन ई-सिमचा असेल तर दुकानात न जाताही सेवा घेता येते. पण जानेवारी २०२४मध्ये सरकारने परवानगीशिवाय ई-सिम विकल्याच्या कारणावरून एअरालो आणि होलाफ्लाय ही अॅप भारतात बंद करायला लावली. म्हणून इथून घेताना विक्रेता अधिकृत आहे ना, हे बघावं.

उलट दिशेने येणारे

आपल्या जिल्ह्यात परदेशी पाहुणेही येतात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात देशोदेशीचे लोक शिकायला येतात. ३१ जानेवारीला मेहेर बाबांच्या अमरतिथीला, म्हणजे पुण्यतिथीला, परदेशातले भक्त मेहेराबादला येतात. या पाहुण्यांसाठी गणित अगदी सरळ आहे: पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून इथलं सिम घ्यावं. त्यांच्या देशातल्या पॅकपेक्षा इथला सात रुपयांचा जीबी कितीतरी स्वस्त पडेल.

अर्धा तास हवा

हजला जाणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शिबिरं होतात, अभ्यास दौऱ्याच्या आधी बैठका होतात, सहल कंपन्या माहितीसत्र घेतात. त्यात बॅगेचं वजन, औषधं, थंडीचे कपडे यांवर बोललं जातं. त्यातला अर्धा तास फोनला द्यावा. प्रत्येकाने आपला फोन हातात घेऊन सेटिंग तिथेच बदलावी आणि आपला पॅक दिवसाला आणि जीबीला किती पडतो, हे स्वतः काढावं. मोबाइल कंपन्यांनीही रोमिंग पॅकच्या किमतीशेजारी जीबीचा दर ठळक छापावा आणि ट्रायने तो छापायला लावावा. किराणा मालाच्या पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापलेला असतो, मग हजारो रुपयांच्या पॅकवर ग्राहकाने भागाकार स्वतः का करावा?