पातळ सोलचे बूट : घाई नको

१९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली. अनवाणी धावण्याचा अनुभव देणारे पातळ सोलचे बूट आता बाजारात सहज मिळतात. पण पायांना त्यांची सवय सावकाश लावावी लागते.

जाड सोलच्या बुटांत बहुतेकांची टाच आधी टेकते, पातळ बुटांत अनेकांचा चवडा. त्यामुळे गुडघ्यावरचा ताण कमी होतो. मात्र पोटरी, अकिलिस टेंडन आणि चवड्याच्या हाडांवरचा वाढतो. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९ धावपटूंनी दहा आठवड्यांत या बुटांची सवय केली. एमआरआयमध्ये त्यांतील १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. नेहमीचे बूट वापरणाऱ्या १७ जणांपैकी फक्त एकाच्या.

म्हणून हे बूट आधी चालताना वापरावेत. मग आठवड्यातून एक-दोनदा काही मिनिटे धावावे. बाकीचा सराव जुन्या बुटांतच करावा. चवड्याच्या हाडावर एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीचे बारीक फ्रॅक्चर एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र हे बूट टाळावेत.