डोंगर चढण्याची आणि उतरण्याची तयारी

श्रोतेहो, सकाळीं फिरावयास जाणारे आणि व्यायामशाळेंत नियमानें घाम गाळणारे चार मित्र एकत्र जमले कीं एखाद्या गडावर जाण्याचा बेत ठरतोच. मनमाडकरांस त्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. गांवाच्या दक्षिणेस सुमारें दहा किलोमीटरांवर अंकाई-टंकाई ही किल्ल्यांची जोडी आहे. आणि आंगठा उभा धरल्यासारखा दिसणारा हडबीच्या शेंडीचा सुळका तर आगगाडींतूनही नजरेंत भरतो. डोंगर जवळ आहे, अंगांत बळ आहे, मग निराळी तयारी कशाला, असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत कितपत खरी आहे, तें आज पाहूं.

व्यायामशाळेंतलें बळ आणि डोंगरावरचें बळ हीं एक नव्हेत. वजन उचलणारा मनुष्य मिनिटाभरांत शक्ति खर्च करतो आणि मग विसावा घेतो. डोंगरावर तीच शक्ति चार-पांच तास पुरवावी लागते. चढतांना दम लागतो म्हणून चढणच कठीण वाटते. परंतु मांड्यांची खरी परीक्षा उतरतांना होते. त्या वेळीं मांडीचा स्नायु ताणला जात असतांनाच शरीराचा सारा भार पेलतो. लगाम खेंचून धरावा तसें त्याचें काम असतें. संवय नसेल तर त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, पाय थरथरूं लागतात, आणि पुढील दोन दिवस घरचा जिना उतरणेंही नकोसें होतें. सपाट ट्रेडमिलवर रोज तासभर चालणाऱ्याच्या मांडीलाही ही संवय होत नाहीं, कारण तेथें उतार नसतो.

तेव्हां तयारी निदान सहा आठवडे आधीं सुरू करावी. आठवड्यांतून तीन दिवस अर्धा तास जिने चढावे व उतरावे. उतरतांना घाई करूं नये. पाठीवर पिशवी घ्यावी. आरंभीं ती रिकामी असावी, पुढें हळूहळू चार-पांच किलो वजन भरावें. रविवारीं लांबची चाल ठेवावी. नवे बूट घेतले असतील तर ते ह्याच काळांत पायांत रुळवावे. चालतांना सोबत्याशीं पूर्ण वाक्य बोलतां आलें, तर वेग योग्य आहे असें समजावें. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीचा विकार असणाऱ्यांनीं डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावांचून बेतांत नांव घालूं नये.

आतां वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक सोपा नियम सांगितला: दर तीन मैल चालीस एक तास, आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. अंकाईचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें ३,२०० फूट उंच आहे. परंतु भोंवतालचा मुलूखच उंच असल्यामुळें प्रत्यक्ष चढ हजार फुटांच्या आसपास भरतो. म्हणजे ह्या चढाबद्दल अर्धा तास अधिक. पण हा नियम थंड प्रदेशांतल्या, न थांबतां चालणाऱ्या माणसासाठीं आहे. आपल्याकडे ऊन आहे. शिवाय टंकाईच्या अंगाचीं जैन लेणीं आणि अंकाईवरील अगस्ती ऋषींचें स्थान पाहावयाचें असतें. म्हणून हिशेबाच्या दुप्पट वेळ धरावा, उजाडतांच निघावें आणि माणशीं तीन लिटर पाणी घ्यावें.

ह्यापुढची तयारी मनाची आहे, आणि धडधाकट मित्रांस तीच अधिक जड जाते. ज्यांना रोज एकमेकांशीं चढाओढ करण्याची संवय, ते डोंगरावरही शर्यत लावतात. मागें पडलेला मनुष्य लाजेनें तहान, चक्कर, पायाचा फोड, सारें लपवितो. म्हणून निघण्यापूर्वींच ठरवावें कीं सर्वांत सावकाश चालणाऱ्याची गति तीच सर्वांची गति. वाट जाणणारा पुढें असावा. दुसरा एक अनुभवी मनुष्य शेवटीं असावा, आणि त्याच्या मागें कोणीही राहूं नये. एकानें ‘आज पुरे’ म्हटलें तर थट्टा न करतां सर्वांनीं परतावें. कोण कोठें जात आहे व केव्हां परतणार, हें घरीं लिहून ठेवावें. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक प्रत्येकास ठाऊक असावा.

हडबीच्या शेंडीची गोष्ट वेगळी आहे. तेथें दोर लागतो. दोराची विद्या शिकलेला जाणता म्होरक्या बरोबर नसेल तर सुळक्यास हात लावूं नये. जानेवारी २०२१ मध्यें नगरकडून आलेल्या एका चमूंतील दोघे गिर्यारोहक ह्याच शेंडीवरून पडून मरण पावले. माथा त्यांनीं गांठला होता. घात झाला तो उतरतांना.

म्हणून, श्रोतेहो, माथा गांठला म्हणजे निम्मेंच काम झालें असें धरून पाणी, वेळ आणि पायांतलें बळ राखून ठेवावें. बरोबर गेलेला प्रत्येक जण रात्रीं आपापल्या घरीं जेवावयास बसला, म्हणजेच सहल पुरी झाली.